नाडीची वही

माझ्या धावण्याचा पाया कुणी घातला, असं निवृत्तीच्या सत्कारात सूत्रसंचालकानं विचारलं, तेव्हा मी रीतीप्रमाणे जोशी सरांचं नाव घेतलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते उत्तर अर्धंच खरं होतं. सरांनी घातलेला पाया आमखास मैदानावरचा, घामाचा. दुसरा एक पाया त्याच वर्षी, आमच्या औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत, दर रविवारी आंघोळीनंतर माझ्या वडिलांनी घातला. तो कागदावर होता आणि त्याला तीन वेगवेगळी पेनं लागत. स्टेजवर हे सांगण्याइतका वेळ नव्हता, शिवाय समोरच्या रांगेत भावाची सासरची मंडळी बसली होती. म्हणून इथं सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पिशोरचे. जमीन धाकट्या भावाकडे सोपवून ते शहरात आले आणि एका सरकारी कचेरीत लिपिक म्हणून चिकटले ते शेवटपर्यंत. गावाकडून एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं यायचं, सणावाराला तुपाचा डबा, थंडीत फडक्यात बांधलेला हुरडा. घरात मी, माझा धाकटा भाऊ, आणि माय. मायचा दिवस स्टोव्हला पंप मारण्याच्या आवाजानं सुरू व्हायचा. त्यानंतर खाली नळावर घागरींची भांडणं, आणि त्यानंतर अण्णांचं पेन. पेनाचा आवाज येतो यावर माझ्या नवऱ्याचा अजून विश्वास नाही, पण अण्णा निबाचं पेन वापरत आणि कचेरीतल्या नोंदवह्या घरी आणून, पाटावर ठेवून लिहीत. ते करकर वाजलं की मायनं भांडी हळू ठेवायची असा नियम होता. अक्षर असं की गल्लीतली माणसं लग्नपत्रिकांवर पत्ते लिहून घ्यायला आमच्याकडे येत, आणि अण्णा ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांचेही पत्ते मन लावून लिहीत.

कचेरीत तपासणी लागली की अण्णांचा भाव वधारायचा. सहा-सहा महिने कोऱ्या राहिलेल्या नोंदवह्या दोन दिवसांत भरून काढणं ही त्यांची कला होती. दौऱ्यांच्या नोंदी, भेटींच्या नोंदी, लावलेल्या झाडांच्या नोंदी. त्यांच्या वहीत कचेरीच्या आवारात चाळीस झाडं डोलत होती. प्रत्यक्षात तिथं एक बाभूळ होती, तीही आपली आपण आलेली. यात आपण काही खोटं करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. लाच ते घेत नसत, कुणाचा कागद अडवत नसत, बाजारात चुकून जास्त आलेला भाजीवालीचा कांदा परत नेऊन देत. पण नोंदवही हा त्यांच्या लेखी वेगळाच प्रांत होता. शर्टाला जशी इस्त्री लागते तशी कामाला नोंद लागते, इतकंच. साहेब येतो, पानं उलटतो, सही करतो आणि जेवायला जातो.

अशा घरातली मी. आणि मला जोशी सर भेटले.

सर आमच्या मुलींच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. त्यांचे आजोबा पूजाअर्चा सांगत, वडील कारकून होते, आणि घराण्यात आधी कुणी पळाल्याची नोंद नव्हती. अंगानं काटकुळे, आवाज बारीक, आणि डोक्यात एकच शब्द: पाया. आठवी-नववीतल्या आम्ही अकरा मुली लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी निवडल्या गेलो, तेव्हा आम्हाला वाटलं उद्यापासून पळायचं. सरांनी पहिले सहा महिने पळूच दिलं नाही. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्या. उकिडवं बसायचं, हात न टेकता उठायचं. गोगाबाबा टेकडी चढायची, पण चालत, आणि चालताना नाकानं श्वास घ्यायचा. अनवाणी पायांनी मैदानाला दोन चकरा, टाच आधी टेकते की चवडा याकडे बघत. आया मैदानाच्या कडेला येऊन बघून जात आणि हताश होऊन परत जात. माय म्हणाली, "पळायला शिकवायलेत का उभं राहायला? उभं राहायला तर आमचं लेकरू एका वर्साचं असतानाच शिकलंय."

मनाच्या पायासाठी सरांकडे वेगळी युक्ती होती. सराव संपला की आम्ही मातीत गोल बसायचं आणि प्रत्येकीनं आज आपलं काय चुकलं ते मोठ्यानं सांगायचं. इतरांनी ऐकायचं. समजूत घालायची नाही, हसायचं नाही. शहागंजात सुतळी-दोरखंडाचं दुकान असलेल्या घरातली शबाना माझ्या शेजारी बसायची. ती सरळ सांगायची, "सर, आज मैं आधी टेकडी पे जान के बैठ गई. बोर लग रा था." सर मान डोलवायचे. मी मात्र रोज काहीतरी शोभेसं चुकवायचे. आज माझा डावा हात जरा घट्ट राहिला, आज माझं लक्ष दोन क्षण विचलित झालं. कबुलीसुद्धा नीटनेटकी हवी, हे मला घरूनच मिळालेलं होतं.

मग सरांनी वह्या वाटल्या. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर दोन बोटं ठेवून एक मिनिट नाडी मोजायची आणि पहिल्या रकान्यात लिहायची. पुढचे रकाने: झोप, जेवण, काय दुखतं. रविवारी घरच्यांची सही. सरांनी समजावून सांगितलं की सराव अंगी लागत असला की सकाळची नाडी आठवड्या-महिन्यांनी हळूहळू खाली येते, आणि एखाद्या दिवशी अचानक वर गेली तर शरीर थकलंय किंवा आजार येतोय, त्या दिवशी विश्रांती. "तुमची वही बघूनच मी तुमचा सराव ठरवणार," असं ते दोनदा म्हणाले. मी ते ऐकलं होतं. पण शाळेत इतक्या गोष्टी दोनदा सांगत की तेवढ्यानं काही खरं वाटत नसे.

आजकाल मनगटावरचं घड्याळच नाडी मोजतं आणि आकडे थेट प्रशिक्षकाच्या मोबाइलवर जातात, म्हणजे फसवाफसवी संपली असं लोकांना वाटतं. माझ्या प्रशिक्षकाच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका मुलीची पावलं रोज बारा हजार भरत आणि मैदानावर तिला चार फेऱ्या झेपत नसत. चौकशीअंती कळलं की घड्याळ तिची आई घालत होती. बाई बिचारी मुलीसाठी संध्याकाळी गच्चीवर चालत होती. मी त्या आईवर रागावू शकले नाही.

पहिल्या आठवड्यात मी एकदाही नाडी मोजली नाही. रोज जाग यायची ती मायच्या हाकेनं, आणि मायच्या हाकेनंतर अंथरुणात एक मिनिट पडून राहण्याची सोय आमच्या घरात नव्हती. रविवारी सकाळी कोरी वही घेऊन मी रडवेली बसले. अण्णा दाढी करत होते. त्यांनी आरशातूनच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी तोंड पुसलं, पाट ओढला, आणि म्हणाले, "आण इकडं."

पान उघडून ते थोडा वेळ रकाने बघत राहिले. मग कामाचाच प्रश्न विचारला. "सरांना आकडा वाढलेला पाहिजे का कमी झालेला?"

"कमी झालेला."

"मग कमी करू. पण हळूहळू. एकदम कमी केला की चौकशी लागते. सुरुवातीला किती व्हता?"

"वर्गात सरांनी मोजली तेव्हा बहात्तर."

अण्णांनी सोमवारी बहात्तर लिहिले, मंगळवारी एकाहत्तर, बुधवारी पुन्हा बहात्तर. "सारखा उतरता आकडा लिहू नये. मधी एक दिवस चढला पाहिजे, तवा माणसाचा वाटतो." सोमवार निळ्या पेनानं, मंगळवार-बुधवार काळ्यानं, गुरुवारसाठी भावाच्या दप्तरातलं तिसरंच पेन आणवलं. शुक्रवारची ओळ त्यांनी मुद्दाम किंचित तिरकी लिहिली. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "झोपेतून उठून लिवलंय न तू." झोप: उत्तम. जेवण: भाकरी, येसराची आमटी, दूध. आणि 'काय दुखतं' या रकान्यात सातही ओळींत एकच शब्द, कचेरीतला, जिथं सांगण्यासारखं काहीच नसतं तिथं लिहितात तो: निरंक. खाली झोकदार सही. मला इतकं सुरक्षित वाटलं की मी त्यांच्या गळ्यात पडले. तसं आमच्यात फारसं करत नसत.

पुढचे सात-आठ महिने रविवारचा हा कार्यक्रम न चुकता चालला. अण्णांना तो आवडू लागला होता. कचेरीतली झाडं कुणाची कोण, ही तर त्यांची पोरगी होती. वहीतली मी झपाट्यानं घडत होते. माझी नाडी पासष्टवर आली, साठवर आली, थंडीत अठ्ठावन्न झाली. वहीतली मी साडेनऊला झोपायची, भाकरी चावून खायची आणि तिला कधीच काही दुखायचं नाही. सरांनी ती वही डोक्यावर घेतली. त्यांनी ती मुख्याध्यापिकांना दाखवली, दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना नमुना म्हणून नेऊन दिली. गोलात बसल्यावर म्हणाले, "मंदाचं हृदय बघा. हे एका रात्रीत होत नाही." शबानाची वही तेलकट, कोपरे दुमडलेले, आकडे अडुसष्ट, सत्तर, एकदम शहात्तर, पुन्हा सत्तर. तिच्या अब्बांना मराठी वाचता येत नसे. ते दर आठवड्याला तिला "सच्ची लिखी ना?" एवढं विचारत आणि उर्दूत सही करत. मला तिची दया यायची.

वहीतल्या मुलीला साजेसा सराव सरांनी मला द्यायला सुरुवात केली. इतर जणी टेकडी एकदा चढत, मी दोनदा. इतरांना गुरुवारी सुट्टी, मला नाही. राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडायची शर्यत दोन महिन्यांवर आली होती, स्पर्धा कोल्हापूरला होती, आणि संघात माझी जागा धरलेलीच आहे असं सर बोलूनही दाखवत. मी तोवर एका अंगाला पिशोर आणि दुसऱ्या अंगाला अजिंठ्याची सहल, यापलीकडे कुठं गेलेले नव्हते. कोल्हापूर हा शब्द मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हणे की भूगोलाच्या पेपरात भलत्याच प्रश्नाच्या उत्तरात तो लिहून आले. पाठीवर जिल्ह्याचं नाव असलेला बनियन आणि रेल्वेतला डबा, हे दोन्ही मला हवं होतं, इतकं की त्याची आता लाज वाटते.

आणि खऱ्या मंदाचे पाय बोलू लागले होते. डावी नडगी जिना उतरताना दुखायची. दुपारी वर्गात डोळे मिटायचे. मायनं दूध-भाकरीचा काला पुढे ठेवला की अर्धा तसाच राहायचा. माय अण्णांना म्हणाली, "पोरगी दमायली. डोळ्याखाली बघा जरा." अण्णांनी वही उघडून दाखवली. "वहीत तर सगळं बरं दिसतंय," असं ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. स्वतःच्याच हातचं वाचून त्यांना खरोखर धीर आला होता.

निवड चार आठवड्यांवर असताना अण्णांना आठ दिवसांच्या कामासाठी फर्दापूरला जावं लागलं. मधला रविवार चुकणार होता. अण्णांनी जायच्या आदल्या दिवशी पाट ओढला आणि मागचा आठवडा भरून झाल्यावर पुढचाही भरून टाकला, सहीसकट. सोमवारी सरांनी मागच्या आठवड्याचंच पान बघितलं, आणि ती वही दप्तरात घालून मी फिरले. मंगळवारी पहाटे मला कणकण होती. त्या दिवशी का कोण जाणे, मायची हाक यायच्या आधी जाग आली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मनगटावर दोन बोटं ठेवली. शहाऐंशी. वहीत मंगळवारी चोपन्न होते. मी वही मिटली. शहाऐंशी मला माहीत होते, पण चोपन्नवर अण्णांची सही होती.

बुधवारी टेकडीवर मी शेवटून दुसरी आले.  मैदानावर परत येऊन गोलातल्या कबुल्या संपल्यावर सरांनी माझी वही मागितली, एरवी ते सोमवारी बघत. पिंपळाच्या पारावर बसून त्यांनी पान काढलं, बोट खाली आणत आजच्या ओळीवर थांबले, आणि मग बोट आणखी खाली गेलं. गुरुवार. शुक्रवार. शनिवार. त्यांनी विचारलं, "मंदा, रविवारी झोप छान लागली होती का गं?"

"कोणत्या रविवारी, सर?"

"येत्या."

बाकीच्या मुली पाणी पीत होत्या. शबाना हातात तांब्या धरून तशीच उभी राहिली. सरांनी वही खाली ठेवली, माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत राहिले. बसून पाऊण तास झाला होता तरी ब्याण्णव. मग त्यांनी नडगीवर बोट दाबलं आणि मी ओरडले. ते माझ्यावर रागावतील म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. ते रागावले नाहीत. ते घाबरलेले दिसले, आणि मोठ्या माणसाला घाबरलेलं बघणं मला मुळीच आवडलं नाही.

अण्णा फर्दापूरहून आले त्याच संध्याकाळी सरांच्या निरोपावरून मैदानावर गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तपासणीला घालत तोच. सरांनी त्यांना पारावर बसवलं. मी दोन हात लांब उभी होते, कारण जा म्हणून कुणी सांगितलं नाही.

"जाधवराव, ही वही कोण लिहितं?"

"मी लिहितो, सर." अण्णांनी जराही आडपडदा ठेवला नाही. त्यांना वाटलं अक्षराचं कौतुक होणार.

"पहिल्यापासून?"

"व्हय. एक खाडाखोड दाखवा, म्हणसाल ते करतो."

"तेच तर मी बघायला हवं होतं," सर म्हणाले. "अहो, रोज पहाटे झोपेतून उठून लिहिणाऱ्या पोरीच्या वहीत खाडाखोड असणारच. मी मात्र या आकड्यांवर तिला दोनदा टेकडी चढवत होतो. सुट्टी देत नव्हतो. मला वाटलं, या मुलीला झेपतंय."

 अण्णांचा चेहरा मी आजही डोळ्यांसमोर आणू शकते. अपमान झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हताच. एखाद्याला आपण राहतो त्या घराच्या खाली तळघर आहे असं म्हातारपणी कळावं, तसं काहीतरी. "सर, इमानानं सांगतो," ते म्हणाले, "मला वाटलं नोंदवहीसाठी पाहिजे. आकडा बघून तुम्ही खरंच हिला डोंगरावर धाडत व्हते?"

"हो."

"आमच्याकडं आकडा बघून कुणी खुर्चीतनं उठत नाय."

बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लिहिलेल्या आकड्यामुळे जगात काही हललं, असं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि जे हललं होतं ते माझं हाड होतं. त्यांनी माझ्या नडगीकडे बघितलं. मग सरांना म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा. लेखी द्या."

सरांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिलं. अठरा दिवस पळणं बंद. रोज पहाटे मुलगी उठायच्या आधी वडिलांनी स्वतः नाडी मोजायची आणि तिथंच लिहायची. निवडीच्या दिवशी आकडा सहासष्ट किंवा खाली असेल आणि नडगी दुखत नसेल तर मुलगी पळेल. सदुसष्ट असेल तरी नाही. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि कचेरीतल्या आदेशासारखी खाली 'वाचले' म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता माझ्या उशाशी अण्णा. त्यांची बोटं गार असत. ओठ हलवत मोजत, डोळे घड्याळाच्या काट्यावर. पहिल्या दिवशी तीनदा आकडा चुकला, कारण माय स्टोव्हला पंप मारत होती आणि ते नाडीच्या जागी पंपच मोजत होते. त्यांनी मायला थांबायला सांगितलं. आमच्या घरात मायचा स्टोव्ह कुणासाठी थांबल्याचं मला आठवत नाही. चौऱ्याऐंशी. ते लिहिलं, मग खोडून पंच्याऐंशी केलं, मग पुन्हा चौऱ्याऐंशी. वहीत पहिली खाडाखोड झाली. 'काय दुखतं' या रकान्याशी पेन अडलं आणि त्यांनी मला विचारलं, "काय दुखतंय?" मी उगीच म्हणाले, काही नाही. "नीट सांग," ते म्हणाले, "हितं लिवायचंय." मी सांगितलं. कुठं, कधी, चढताना की उतरताना, असं विचारत त्यांनी सगळा रकाना भरला, मग पुढच्या रकान्यात गेले, मग समासात. माझ्या दुखण्याबद्दल इतकं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्या अठरा दिवसांत वहीचं शबानाच्या वहीसारखं झालं, आणि अण्णांचं ते सुंदर अक्षर पहाटेच्या उजेडात पार बिघडलं.

आकडा उतरू लागला. ऐंशी, एक्याऐंशी, शहात्तर. मी दुपारी झोपायला लागले, काला संपवायला लागले. मायनं पिशोरच्या तुपाचा डबा माझ्यापुरता राखून ठेवला आणि भावाच्या नजरेआड ती मला वाढायची. पंधराव्या दिवशी एकाहत्तर. सोळाव्याला बहात्तर. नडगी दुखायची थांबली होती. अजून सहाच ठोके खाली यायचे होते, आणि मी रात्रंदिवस त्या सहा ठोक्यांचा विचार करत होते. विचार केल्यानं नाडी वाढते हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर आणखी वाढली असती.

निवडीच्या दिवशी मी अण्णांच्या आधी जागी होते. श्वास लांब घेतला, डोळे मिटले, सरांनी शिकवलेलं सगळं केलं. अण्णांनी मनगट धरलं. मायनं काडी पेटवली नव्हती, भाऊ झोपला होता. एक मिनिट इतकं लांब असतं हे मी नंतर कधी अनुभवलं नाही. "सत्तर," ते म्हणाले. मग न विचारता पुन्हा मोजली. एकाहत्तर. तिसऱ्यांदा मोजली. सत्तर.

मी उठून बसले. "अण्णा, चौसष्ट लिहा."

त्यांनी वही मांडीवर घेतली.

"एकदाच. नडगी दुखत नाही, तुम्हीच लिहिलंय. मी पळू शकते. चौसष्ट लिहा ना, अण्णा." मी त्यांचे पाय धरले. मला रडायचं नव्हतं, कारण रडल्यानं दम लागतो, पण रडले.

माय दारात उभी होती. ती म्हणाली, "लिवा की. लेकरू इतकं म्हणायलंय. वरीसभर लिवलंच की तुम्ही."

"तवा मला ठाव नव्हतं," अण्णा म्हणाले, "कुणी वाचतं म्हणून."

त्यांनी सत्तर लिहिलं. आकड्यात आणि पुढे अक्षरात. 'काय दुखतं' या रकान्यात काहीतरी लिहायला पेन टेकवलं, माझ्याकडे बघितलं, आणि तो रकाना कोरा सोडला. मग सही करून त्यांनी सायकल काढली. मी बुटांचे बंद बांधून मागच्या कॅरिअरवर बसले, कारण मला अजून वाटत होतं की सर ऐकतील.

सरांनी पान बघितलं. "सत्तर?" अण्णा म्हणाले, "तीनदा मोजली, सर." सरांनी फक्त माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यानं मला कळलं. शर्यत सुटली. शबाना तिसरी आली आणि कोल्हापूरला गेली. पुढे मीही पुष्कळ पळाले, दुसऱ्या वर्षी त्याच संघातून गेले, आणि मग सगळा जन्म मुलींना पळवण्यात घालवला. डॉक्टर, प्रशिक्षक, ज्यांना ज्यांना मी ही गोष्ट सांगितली ते एकमुखानं म्हणतात की त्या दिवशी पळाले असते तर ते नडगीचं हाड कदाचित कायमचं गेलं असतं. मीही माझ्या विद्यार्थिनींना तेच शिकवलं. वही खरी लिहा.

परत येताना चढ लागला तसे अण्णा सायकलवरून उतरले आणि हातात धरून चालू लागले. मी कॅरिअरवर तशीच बसून होते. ते पुढे बघूनच म्हणाले, "ह्या हातानं लई काय काय लिवलं गं, मंदे. तुझं नाय लिवता आलं."  मी उत्तर दिलं नाही. आठ दिवस दिलं नाही. आता मी तेव्हाच्या अण्णांपेक्षा वयानं बरीच मोठी आहे, ते बरोबर होते हे मला अगदी पटलेलं आहे, आणि तरीही खरं लिहायचंच ठरवलं आहे तर हेही लिहिते: त्या सकाळी मला तो आदल्या वर्षीचा, तीन पेनांनी खोटं लिहिणारा बापच हवा होता.